तेहरानमार्गे ते सिंगापूरमार्गे

१८७० नंतरच्या मुंबईतून विलायतेला तार करायची, तर नुसता मजकूर आणि पत्ता लिहून काम भागत नसे. तार सुएझमार्गे जावी, तेहरानमार्गे जावी की तुर्कस्तानमार्गे, हेही पाठवणाऱ्याला ठरवता येई. लिव्हरपूलला कापसाचा काय भाव फुटला हे कळेपर्यंत जीव टांगणीला लागलेला फोर्टातला व्यापारी हा निर्णय तोलूनमापून घेई. शब्दाशब्दाला शिलिंगांचा हिशेब होता. तार उशिरा पोचली तर सौदा हातचा जाई आणि मधल्या कुणी वाचली तर तोच सौदा दुसऱ्याच्या पदरात पडे. आज व्हीपीएनचे अ‍ॅप उघडून देशांच्या यादीवरून बोट फिरवणारा माणूस याच जातीचा निर्णय घेत असतो, पण सहसा तोलूनमापून घेत नाही. यादीत वर दिसेल तो देश, किंवा ज्याच्या नावापुढे सर्वांत कमी मिलिसेकंद लिहिलेत तो देश, दाबून मोकळा होतो. व्हीपीएनने पाळत संपत नाही. पाळत कोण ठेवू शकेल, एवढेच बदलते. सर्व्हर निवडणे म्हणजे आपला पहारेकरी निवडणे, आणि हे त्या व्यापाऱ्याला जितके पक्के ठाऊक होते तितके आपल्याला नाही.

त्याच्यासमोरचे तीन मार्ग जरा जवळून पाहण्यासारखे आहेत.

तुर्कस्तानमार्ग सर्वांत जुना. त्याआधी १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून केबल टाकण्याचा एक प्रयोग झाला होता. केबल निकामी झाली, पण सरकारने भागधारकांना परताव्याची हमी देऊन ठेवल्यामुळे ब्रिटिश तिजोरी मुक्या तारेचे पैसे पुढे वर्षानुवर्षे भरत राहिली. मग १८६४ मध्ये इराणच्या आखातात केबल पडली. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीहून ग्वादर, बुशहर करत ती फावला पोचली आणि तिथून पुढे बगदाद ते कॉन्स्टँटिनोपल या तुर्की सरकारच्या तारांना जोडली गेली. १८६५ मध्ये हा मार्ग सुरू झाला. १ जुलै १८६५ रोजी कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून मुंबईत दाणादाण उडाली, तेव्हा या शहराचा विलायतेशी तारेचा संबंध जेमतेम काही महिन्यांचा होता.

पण ही तार भलतीच बेभरवशाची. तुर्की ठाण्याठाण्यावर कारकून संदेश उतरवून घेई आणि पुढच्या ठाण्याला पुन्हा ठोकून देई. त्यातल्या अनेकांना इंग्रजीचे अक्षर कळत नसे. अक्षरे गळत, आकडे बदलत आणि तार दिवसेंदिवस वाटेत रेंगाळे. तक्रारी इतक्या वाढल्या की १८६६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला हिंदुस्थानाशी असलेल्या दळणवळणावर चौकशी समिती नेमावी लागली.

तेहरानमार्ग हे सीमेन्स बंधूंचे काम. एक भाऊ बर्लिनमध्ये, एक लंडनमध्ये, एक सेंट पीटर्सबर्गमध्ये, म्हणजे ज्या दरबारांतून परवानगी काढायची तिथे घरचाच माणूस. लंडनहून उत्तर समुद्राखालून प्रशियात, तिथून रशियात ओडेसा, कॉकेशसमध्ये तिफ्लिस, मग तेहरान आणि पुढे सरकारी तारेने बुशहर, कराची. लंडन ते कलकत्ता अंतर सुमारे अकरा हजार किलोमीटर. यातली खरी करामत लांबीत नव्हती. मधल्या ठाण्यांवर संदेश आपोआप पुढे जाईल अशी यंत्रे बसवली होती, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी कारकुनाने तो उतरवून पुन्हा पाठवण्याची गरज उरली नाही. एप्रिल १८७० मध्ये या मार्गाचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा लंडनचा संदेश कलकत्त्याला २८ मिनिटांत पोचला. आज व्हीपीएनच्या भाषेत ज्याला ‘टनेल’ म्हणतात, त्याची कल्पना यापेक्षा फार वेगळी नाही. मधले लोक मधलेच राहावेत, मजकुराला त्यांचा हात लागू नये.

सुएझमार्ग हा जॉन पेंडर या मँचेस्टरच्या कापड व्यापाऱ्याचा. फेब्रुवारी १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली. उन्हाने केबल तापू नये म्हणून जहाज पांढरे रंगवले होते. जूनमध्ये इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो या खेड्याच्या वाळूत दुसरे टोक वर आले आणि एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशी साखळी पुरी झाली. जवळपास सगळे टप्पे ब्रिटिशांच्या ताब्यातले किंवा ब्रिटिश वजनाखालचे.

मार्ग तीन आणि प्रत्येकाचा धनी वेगळा. तुर्की तार सुलतानाच्या हातात, तेहरानची तार प्रशिया, रशिया आणि इराण यांच्या मर्जीवर आणि सुएझची तार लंडनच्या खिशात. व्यापाऱ्याला निदान हे माहीत होते. पुढे १८७८ मध्ये सुएझवाली कंपनी, तेहरानवाली कंपनी आणि हिंदुस्थान सरकारचे तारखाते यांनी आपसात करार करून उत्पन्न एकाच थैलीत टाकायचे आणि वाटून घ्यायचे ठरवले. ग्राहकाला मार्ग निवडल्याचे समाधान राहिले, स्पर्धा मात्र संपली. आजच्या व्हीपीएनच्या बाजाराकडे पाहताना ही थैली आठवल्याशिवाय राहत नाही. सायबरघोस्ट, झेनमेट, प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस आणि २०२१ मध्ये ९३ कोटी ६० लाख डॉलरला घेतलेली एक्स्प्रेसव्हीपीएन ही चारही नावे केप टेक्नॉलॉजीज या एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. ही कंपनी पूर्वी क्रॉसरायडर या नावाने ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणाऱ्या साधनांसाठी ओळखली जाई. नॉर्ड आणि सर्फशार्क यांनीही २०२२ मध्ये संसार एक केला. दुकाने वेगळी दिसतात, गल्ला एकच असतो.

मार्गाची खरी किंमत कळते ती युद्धात. ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे, युद्ध पुकारून काही तास होताहेत तोच, ब्रिटिशांच्या ‘अलर्ट’ या केबल जहाजाने इंग्लिश खाडीतल्या जर्मन केबली तोडल्या. सीमेन्सची तेहरान तार जर्मनीतून रशियात जात होती, तीही त्याच उन्हाळ्यात बंद पडली. ४४ वर्षे सर्वांत वेगवान म्हणून मिरवलेला मार्ग एका आठवड्यात कुचकामी झाला. जर्मनीपुढे मग परक्याच्या तारेवर बोलण्यावाचून इलाज उरला नाही. जानेवारी १९१७ मध्ये परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोतल्या आपल्या वकिलाकडे गुप्त तार धाडली: अमेरिका युद्धात उतरली तर मेक्सिकोने आपल्या बाजूने यावे, बदल्यात टेक्सास वगैरे प्रांत परत मिळवून देऊ. ही तार कोणत्या मार्गाने गेली? शांततेच्या वाटाघाटींसाठी म्हणून अमेरिकेने जर्मनीला वापरू दिलेल्या अमेरिकी परराष्ट्र खात्याच्याच तारेने. ती बर्लिनहून कोपनहेगनला आणि तिथून लंडनवरून वॉशिंग्टनला जात असे. लंडनमध्ये नौदलाच्या ‘रूम ४०’ या संकेत उलगडणाऱ्या विभागात बसलेल्या मंडळींनी झिमरमान यांचा संदेश वाचला. अमेरिकेची तार आपण वाचतो हे कबूल करता येत नव्हते, म्हणून तो वॉशिंग्टनहून पुढे मेक्सिकोला गेल्यावर त्यांनी तिथल्या तार कचेरीतून त्याची दुसरी प्रत मिळवली आणि तीच पुढे केली. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली.

संदेश सांकेतिक होता, मित्राच्या नव्हे तरी तटस्थाच्या मार्गाने गेला होता, आणि तरी घात झाला, कारण तो मार्ग शत्रूच्या अंगणातून जात होता. आपल्याकडे याहून जुना दाखला आहेच. पानिपतची बातमी घेऊन दक्षिणेकडे निघालेले सावकारी सांकेतिक पत्र वाटेत, भिलशाच्या आसपास, नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडले. त्यातली मोत्यांची आणि मोहरांची सांकेतिक भाषा उलगडायला त्यांना कुणा तज्ज्ञाची गरज पडली नाही.

पोर्थकर्नोकडे परत येऊ. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांतून ‘टेम्पोरा’ हे नाव जगाला कळले. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने समुद्राखालच्या फायबर केबलींमधून जाणारी माहिती घाऊक प्रमाणात साठवायची सोय केली होती आणि या कामाचे एक मोठे ठाणे कॉर्नवॉलमध्येच, ब्यूड इथे होते. पेंडरने जिथे केबल वर आणली त्याच परगण्यात, १४३ वर्षांनी. भूगोल बदलत नाही आणि बेट असलेल्या ब्रिटनने त्याचा फायदा दोनदा घेतला. (आणखी एक योगायोग. भारताने आपली तारसेवा बंद केली ती याच्या काही आठवड्यांनी, १४ जुलै २०१३ च्या रात्री. मृत्युलेख तारेचे आले, पाळत मात्र जिवंत राहिली.)

मुंबईचा किनाराही तोच आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. आज वर्सोव्याच्या आणि प्रभादेवीच्या बाजूला उतरणाऱ्या केबली हा देशाच्या परदेशी संपर्काचा कणा आहे. त्यांतल्या युरोपकडे जाणाऱ्या केबली एडनचे आखात, तांबडा समुद्र आणि इजिप्त याच वाटेने जातात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातल्या कॉल सेंटरांपासून शेअर दलालांपर्यंत सगळ्यांचे इंटरनेट रांगू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हूथींच्या क्षेपणास्त्राने जखमी झालेल्या ‘रुबीमार’ जहाजाच्या फरफटणाऱ्या नांगराने बहुधा आणखी काही केबली तोडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ पुन्हा तेच, आणि त्या वेळच्या दोन्ही मोठ्या केबली मुंबईला जोडलेल्या.

इथे त्या व्यापाऱ्यात आणि आपल्यात एक फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा नाही. त्याला मार्ग निवडता येत होता. आपल्याला फक्त टोक निवडता येते. अ‍ॅपमध्ये फ्रँकफर्ट दाबले की आपली माहिती फ्रँकफर्टच्या सर्व्हरपर्यंत जाते हे खरे, पण ती तांबड्या समुद्रातून गेली की सिंगापूरला वळसा घालून, हे आपली इंटरनेट कंपनी आणि तिचे पुढचे कंत्राटदार ठरवतात. कोणत्या केबलमध्ये कुणाने किती क्षमता विकत घेतली आहे, यावर ते अवलंबून असते. ज्याला ‘डबल व्हीपीएन’ म्हणतात, त्यात माहिती एकामागून एक दोन सर्व्हरमधून जाते. त्याने एका सर्व्हरवाल्याला सगळे चित्र दिसत नाही, पण दोन्ही सर्व्हर एकाच कंपनीचे असतील तर दोन खोल्यांना एकच किल्ली लावल्यासारखे आहे. यूडीपी की टीसीपी, वायरगार्ड की ओपनव्हीपीएन, या अ‍ॅपमधल्या तांत्रिक निवडींचा संबंध मुख्यतः वेगाशी आणि अडथळ्यांशी. साध्या वापराला वायरगार्ड बरे, हॉटेलच्या वा कचेरीच्या जाळ्यात अडकले तर टीसीपी. त्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

ओपनव्हीपीएनच्या जन्माची गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. जेम्स योनान हा अमेरिकी प्रोग्रामर मध्य आशियात भटकत असताना कचेरीच्या कॉम्प्युटरशी जोडून काम करत होता. आपली माहिती रशियातल्या आणि आशियातल्या अनोळखी कंपन्यांच्या यंत्रांतून जाते आहे, ही चिंता त्याला लागली आणि त्यातून २००१ मध्ये ओपनव्हीपीएन आले. म्हणजे या साधनाच्या मुळाशीच मार्गाबद्दलचा अविश्वास आहे.

व्हीपीएन करते काय? तुमच्या फोनपासून कंपनीच्या सर्व्हरपर्यंतचा मजकूर एन्क्रिप्ट करते. तुमच्या इंटरनेट कंपनीला मग तुम्ही त्या सर्व्हरशी बोलता आहात एवढेच दिसते. कोणत्या संकेतस्थळावर गेलात, केव्हा गेलात, हे जे पूर्वी तिला दिसायचे, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसते. म्हणून सर्व्हर कोणत्या देशात उभा आहे, कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे आणि ती काय लिहून ठेवते, या तीन प्रश्नांपुढे वेगाचा प्रश्न गौण आहे. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या हाइडमायअ‍ॅस या कंपनीने न्यायालयाचा हुकूम आल्यावर आपल्याकडच्या नोंदी तपासयंत्रणेला दिल्या आणि सोनी पिक्चर्सच्या हॅकिंगमधला आरोपी सापडला. कायद्याप्रमाणे तिने योग्यच केले. पण लपून राहू, अशा समजुतीत असलेल्या ग्राहकांना त्या दिवशी कळले की नोंदी ठेवल्या जात होत्या. याच्या उलट, अंकाऱ्यात रशियाच्या राजदूताचा खून झाला त्या तपासात तुर्कस्तानने एक्स्प्रेसव्हीपीएनचा सर्व्हरच जप्त केला, आणि त्यात काहीच सापडले नाही. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस मुलवाड कंपनीच्या गोथेनबर्गच्या कचेरीत झडतीचे वॉरंट घेऊन गेले आणि रिकाम्या हाताने परतले. या तिन्ही ठिकाणी सरकारकडे अधिकार होता. निकाल लागला तो कंपनीच्या दप्तरात काय लिहिले होते यावर.

आता आपल्या घरचे पाहू. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेने निर्देश काढला. व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचे खातरजमा केलेले नाव, पत्ता, दिलेले आयपी, सेवा घेण्याचा हेतू हे सगळे नोंदवून किमान पाच वर्षे जपून ठेवावे. मुदत वाढवून तो सप्टेंबरअखेर लागू झाला. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला त्यातून वगळले. हेतू खोटा नाही. शाळांना, विमानतळांना बॉम्बच्या धमक्यांचे मेल येतात आणि तपास व्हीपीएनच्या भिंतीपाशी थांबतो, हे पोलिसांचे दुखणे खरे आहे. पण उपाय असा निघाला की दुखणे वाढले. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड, प्रोटॉन अशा नामांकित कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून नेले. यादीतले ‘भारत’ मात्र गेले नाही. काही अ‍ॅपमध्ये त्यापुढे लिहिलेले दिसते: सिंगापूरमार्गे, किंवा ब्रिटनमार्गे. पत्ता भारताचा, यंत्र परदेशी.

परिणाम काय झाला? नाशिकमधल्या माणसाने ‘भारत’ निवडून मुंबईतले संकेतस्थळ उघडले, तर त्याची विनंती समुद्राखालून सिंगापूरला जाते आणि परत येते. दुबईत नोकरी करणारा रत्नागिरीचा मुलगा मराठी मालिका पाहण्यासाठी तेच ‘भारत’ दाबतो. त्याच्यावर तर टांगती तलवारही आहे, कारण अमिरातीत व्हीपीएनचा वापर गुन्ह्यासाठी झाला असे ठरले तर दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. आणि ज्या पोलिसांसाठी हा नियम केला, त्यांना आता नोंदी मागायच्या तर दुसऱ्या देशाच्या दारात उभे राहावे लागते. पूर्वी सर्व्हर निदान आपल्या न्यायालयांच्या कक्षेत होते. तारेवर पाळत ठेवण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला होता आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तो ठेवला आहे. पण तो संशयितापुरता वापरायचा असतो. इथे सर्वांच्याच नोंदी पाच वर्षे साठवायच्या, असा हुकूम निघाला आणि ज्यांच्याकडून त्या घ्यायच्या त्यांनीच गाशा गुंडाळला.

सर्ट-इनने हा सरसकट साठवणुकीचा नियम मागे घ्यावा. न्यायालयीन आदेशावरून ठरावीक खात्याची, ठरावीक मुदतीची माहिती मागण्याची तरतूद करावी, म्हणजे सर्व्हर परततील आणि तपासही देशातल्या देशात होईल. त्याबरोबर एक सक्तीही करावी, आणि ती कंपन्यांवर: सर्व्हर प्रत्यक्ष कुठे उभा आहे, तो स्वतःचा आहे की भाड्याचा, कंपनीचा खरा मालक कोण, हे यादीतच, ग्राहकाच्या भाषेत लिहावे.

तोपर्यंत वाचकांनी निदान एक परीक्षा स्वतः करून पाहावी. फायबरमधला प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ धरता सिंगापूरचा सर्व्हर मुंबईच्या माणसाला ३९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर देऊच शकत नाही. प्रत्यक्षात साठच्या आसपास लागतात. मुंबईतला सर्व्हर मात्र घरचे इंटरनेट धड असेल तर पाच-दहा मिलिसेकंदांत बोलतो. ‘मुंबई’ लिहिलेल्या सर्व्हरला निरनिराळ्या वेळी पिंग करा, म्हणजे त्याच्या उत्तराला लागणारा वेळ मोजा. दर वेळी साठ-सत्तरच येत असतील, तर कंपनीला पत्र लिहून यंत्र कुठे आहे ते विचारा. सरळ उत्तर आले नाही, तर वर्गणी पुढे चालू ठेवू नका.